अकरा वर्षं शेजारच्या अव्वांना ख्रिसमसचा केक दिला, त्यांनी तो कधी खाल्लाच नाही. आता त्या देवाबद्दल विचारतात, कसं बोलू?

वडगावची_सून

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहिते, लांबलं तर माफ करा.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. मराठी ख्रिस्ती घर, सासरी चौथी पिढी विश्वासात आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून लिंगायत कुटुंब आहे, अव्वा, त्यांचा मुलगा-सून आणि कॉलेजला जाणारी नात. घरी सगळं कन्नड. खाली दोन माग आहेत, दिवसभर खडखड असते, त्या आवाजातच माझी पोरं झोपायला शिकली. संबंध चांगले आहेत. येळ्ळ अमावास्येला त्यांच्याकडून स्टीलच्या डब्यात कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी येते, डबा रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून मी साखर घालून देते. आणि ख्रिसमसला करंज्या, चकल्या आणि केक. अकरा वर्षं हे चाललंय.

मागच्या महिन्यात त्यांची नात सहज बोलता बोलता म्हणाली, काकू, अज्जीला अंडं चालत नाही ओ, ती केक दरवर्षी दूधवाल्याच्या पोराला देते, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही कधी. मला त्या रात्री झोप लागली नाही. अकरा वर्षं मी मनात धरून होते की हा केक म्हणजे आपली साक्ष आहे, आणि त्या बाईला काय चालतं काय नाही हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. ऑगस्टमध्ये अव्वांचे यजमान लिंगैक्य झाले, म्हणजे वारले. त्यानंतर पंधराएक दिवसांनी संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, अव्वांनी मोडक्या मराठीत विचारलं, तू रोज दिवेलागणीला डोळे मिटून कुणाशी बोलतीस? तो ऐकतोय काय? माझं कन्नड म्हणजे बर्री, कुंडर्री, ऊट आयितेन्री (या, बसा, जेवण झालं काय), संपलं. मी हौद्री, म्हणजे हो, म्हणाले आणि गप्प बसले. त्या थोडा वेळ थांबल्या, मग उठून आत गेल्या.

घरात कन्नड न येण्याचं कारणही सांगते. माझ्या सासऱ्यांनी १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्यात, १ नोव्हेंबरला अजून काळी फीत लावतात. मी अव्वांचं सांगितलं तर म्हणाले, आधी आपल्या माणसांना सांगून झालंय काय? आणि चर्चमध्ये दर दोन महिन्यांनी मत्तय २८ वर उपदेश असतो, जा आणि सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. सर्व राष्ट्रं माझ्या भिंतीच्या पलीकडे एक वीट सोडून आहेत आणि मला तिथं बोलता येत नाही.

बोलले तर अव्वांना वाटेल, अकरा वर्षांचा डबा हा याच्यासाठीच होता काय. नाही बोलले तर विचारणाऱ्या माणसाला मी उत्तराशिवाय ठेवलं. काय करू, सांगा की कुणीतरी.


निपाणीचे_मास्तर

सूनबाई, तुमचं दोनदा वाचलं. मी प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलं, रविवारी थोडा उपदेशही करतो, तेव्हा मास्तरांसारखं लांबेल, सांभाळून घ्या.

बायबलातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० आणि ११ एका बैठकीत वाचा. आपण त्याला कर्नेल्याचं परिवर्तन म्हणतो, पण मला विचाराल तर आधी परिवर्तन झालं ते पेत्राचं, येशूच्या यहुदी शिष्याचं. तो यापोत कातडं कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता, म्हणजे सोवळ्याची एक पायरी खाली आलेलाच होता, तरी कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरात पाय ठेवण्यासाठी त्याला भर दुपारी छतावर तोच दृष्टांत तीनदा व्हावा लागला. तीनदा! आणि तो दृष्टांत कशाचा, तर खाण्याचा. काय चालतं, काय चालत नाही याचा. नंतर तो यरुशलेमेत परत आला तेव्हा आपल्याच भावांनी त्याला धारेवर धरलं. ११ व्या अध्यायातलं तिसरं वचन बघा, तक्रार बाप्तिस्म्याची नव्हती, तू बेसुंती, म्हणजे सुंता न झालेल्या, लोकांच्या घरी गेलास आणि त्यांच्या पंगतीला जेवलास ही होती. म्हणजे शब्द सांगितल्याचं कुणाला फार वाटत नाही, ताटाला ताट लावलं की घरचे खवळतात. तुमच्या मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मला नवल वाटत नाही, पेत्राच्या घरचेही असेच होते.

आणि हे एकदा शिकून भागत नाही. तोच पेत्र पुढं अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता आणि यरुशलेमेहून माणसं आल्याबरोबर पंगतीतून उठला, पौलाला त्याला तोंडावर सुनवावं लागलं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

आता भाषेचं. कृत्ये १४ फार कमी लोक लक्षपूर्वक वाचतात. लुस्त्र गावात पौल आणि बर्णबा यांच्यासमोर जन्माचा पांगळा माणूस बरा होऊन उभा राहिला, आणि गर्दी आपल्या लुकवनी भाषेत ओरडायला लागली की देव माणसाच्या रूपात खाली आलेत. या दोघांना ओरडण्याचा अर्थ कळलाच नाही. झ्यूसचा पुजारी बैल आणि फुलांच्या माळा घेऊन वेशीपाशी आला तेव्हा डोळे उघडले आणि मग कपडे फाडत गर्दीत धावले. पौलासारख्या माणसाची ही गत, तर आपलं काय घेऊन बसलात. म्हणून कन्नड शिका. मामांचा मान ठेवून शिका. १ नोव्हेंबर १९५६ ची सल काय आहे ते निपाणीवाल्याला सांगायला नको, मी स्वतः सीमालढ्याच्या सभांना सतरंज्या टाकल्यात. पण मराठीचा हक्क मागणं वेगळं आणि शेजारणीचं दुःख तिच्या भाषेत ऐकणं वेगळं. एकामुळं दुसरं कमी होत नाही.

आधी आपली माणसं म्हणतात त्यांना एकच विचारा, आपल्याला कुणी सांगितलं? विल्यम केरीनं मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालात श्रीरामपूरला छापला, मराठी शिकवायला त्याच्याजवळ पंडित वैजनाथ होते. बेळगावात लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० ला आले. या लोकांनी आधी आपली माणसं असं म्हटलं असतं तर तुम्ही-आम्ही आज हे बोलत नसतो. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही, राज्य करणाऱ्यांच्या सावलीत ते आले आणि त्याचा डाग अजून आपल्या अंगावर आहे. पण दुसऱ्याची भाषा त्यांनी जीव ओतून शिकली.


खानापूर_माळकरी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, तुळशीची माळ आहे गळ्यात. इथं बोलावं की नको असा विचार केला पण ताईंचं वाचून राहवलं नाही.

आमच्या आईला २०१७ ला पोटाचा कॅन्सर निघाला. केमोचे दिवस, आई हाडाची काडी झालेली. तेव्हा तुमच्यातलीच तीन माणसं घरी आली, आम्ही बसायला दिलं, चहा दिला. त्यांनी प्रार्थना केली, आई हात जोडून बसली, आम्हाला काही वाटलं नाही, कुणीही देवाचं नाव घेतलं तर बरंच की. जाताना त्यातला एकजण आईला म्हणाला की देव्हाऱ्यातले देव जोवर घरात आहेत तोवर तुम्हाला बरं वाटणार नाही. माझ्या आईनं साठ वर्षं त्या विठ्ठलाला अंघोळ घातली होती ओ. ती रात्रभर रडली, की माझ्यामुळंच मला हे झालंय काय. चार महिन्यांनी गेली. तो माणूस परत आला नाही, ना मयताला, ना दहाव्याला.

म्हणून तुमच्यातलं कुणी दारात आलं की माझ्या पोटात कालवतं. ताई, तुमच्या अव्वांनी स्वतःहून विचारलंय, तर तुम्ही सांगाच, विचारल्यावर न सांगणं हा पण एक प्रकारचा दुरावाच की. पण त्या आत्ताच रंडकी झाल्यात, मन ओलं आहे. त्या ओल्या मातीत खुंटा ठोकू नका एवढंच माझं मागणं. आणि त्या तुमच्यात आल्या नाहीत तरी पुढच्या अमावास्येला डब्यात साखर घालाल काय, याचं उत्तर आधी स्वतःला द्या.


वडगावची_सून

माळकरी दादा, तुमचं वाचून हात थरथरले. त्या माणसाच्या वतीनं माफी मागायचा हक्क मला नाही, पण तरी मागते. आईंना जे बोललं गेलं ते आमच्या शुभवर्तमानात नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून तुझ्या देवामुळं तू आजारी आहेस असं येशू कुणाला म्हणाला नाही, उलट योहान ९ मध्ये शिष्यांनीच आंधळ्याकडं बघून कुणाचं पाप म्हणून विचारलं तेव्हा त्यानं साफ नाही म्हटलं, याचंही नाही आणि याच्या आईबापाचंही नाही. आणि हो, डब्यात साखर घालीन. त्या काहीही ठरवोत. हे मी आज लिहून ठेवते.


उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

मी फाउंड्रीत मोल्डिंगला सुपरवायझर आहे, माझा अनुभव सांगतो, लिहायची सवय नाही, चुकलं माकलं माफ.

आमच्याकडं मोल्डिंग आणि फेटलिंगला निम्म्याच्या वर पोरं ओडिशा झारखंडची आहेत, मच्छेकडं पत्र्याच्या खोल्यांत सात-आठ जण मिळून राहतात. चार वर्षांपूर्वी आमच्या फेलोशिपनं ठरवलं की या पोरांपर्यंत पोचायचं. आम्ही काय केलं तर रविवारी टेम्पो पाठवला, बारा पोरं आली, शेवटच्या रांगेत बसवलं, हातात मराठी गीतांचं पुस्तक दिलं, उपदेश मराठीत पाऊण तास, नंतर पुलाव. दुसऱ्या रविवारी सहा आली, तिसऱ्या रविवारी टेम्पो रिकामा परत आला. आमच्यात चर्चा झाली की या लोकांची मनं कठीण आहेत. मीही तसंच बोललो, आज त्याची लाज वाटते.

मग एका पोराच्या हातावर वितळलेलं लोखंड उडालं, मी त्याला दवाखान्यात नेलं आणि रात्री खोलीवर सोडायला गेलो. पोरांनी सोडलं नाही, जेवून जा म्हणाली. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा, मिरची आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्याला ते पखाळ म्हणतात. जमिनीवर बसलो. जेवणाआधी त्यातलं सगळ्यात लहान पोरगं, एकोणीस वर्षांचं असेल, डोळे मिटून प्रार्थना करायला लागलं. त्यांच्या सादरी बोलीत. मला येशू हा एक शब्द कळला. भिंतीवर बघतो तर खिळ्याला छोटा क्रूस आणि खाली मांदर, त्यांचा ढोल, ठेवलेला.

ती पोरं सुंदरगड आणि सिमडेग्याची होती, त्यातली निम्मी पणजोबापासून ख्रिस्ती! रांचीकडं गोस्नर मिशनचे लोक १८४५ ला गेलेत, म्हणजे आमच्या घराण्यात येशूचं नाव यायच्या आधीपासून त्यांच्या गावात प्रार्थना चालू होती. आणि आम्ही त्यांना पहिल्यांदा येशू सांगायला टेम्पो पाठवला होता, एकानंही तू कुठला, काय मानतोस असं विचारलं नव्हतं. त्यांना मराठी कळत नव्हतं आणि शेवटच्या रांगेत बसून पाहुण्यासारखं वाटत होतं म्हणून ती यायची थांबली, बाकी काही नाही.

आता महिन्यातून दोनदा आम्ही त्यांच्या खोलीवर जातो. ते मांदर वाजवतात, गोल धरून नाचत गातात, आमच्यातली म्हातारी माणसं पहिल्यांदा बावरली, आता टाळ्या धरतात. खोलीतली बाकीची पोरं, जी ख्रिस्ती नाहीत, ती पण बसतात, कुणी बसा म्हणत नाही, कुणी उठवत नाही. त्यातल्या एकानं मला परवा विचारलं की तुमच्या पुस्तकात मजुरांबद्दल काही आहे काय. मी त्याला याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय वाचून दाखवला, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणं देवाच्या कानी पोचतं तो. त्यानं मला तो पुन्हा वाचायला लावला, आणि मग ओव्हरटाइमचा हिशेब विचारला. सुपरवायझर म्हणून मला तो द्यावा लागला. तिथून पुढं मी मजुरांच्या हजेरीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. म्हणजे सांगायला मी गेलो आणि वचन माझ्यावरच आलं.


नंदगडची_मारिया

आम्ही कोंकणी बोलणारे कॅथलिक. इथं सगळे प्रोटेस्टंट दिसतात तरी बोलते.

फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून १५७९ ला गोव्यात आले आणि १६१६ ला त्यांचं ख्रिस्तपुराण गोव्यातच रायतूरला छापलं, सगळं मराठी ओवीत. आपल्या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे हे त्यांनी पाहिलं आणि तसंच लिहिलं. आणि लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यात देशनूरला जेजुइट फादरांनी लिंगायतांच्या विरक्त मठाच्या पद्धतीनं राहून बघितलं, भगवी कफनी घालून. माझी मावशी तिकडं गेली होती, म्हणाली की शांत वाटलं.

मला ताईंना एवढंच सांगायचंय की विहिरीवरच्या शमरोनी बाईकडं, जिच्या लोकांशी यहुदी संबंध ठेवत नसत, येशूनं पहिलं काय मागितलं? पाणी. त्याच्याकडं पोहराच नव्हता. तो देणारा होऊन आधी बोलला नाही, मागणारा होऊन बोलला. आणि मग त्या गावात दोन दिवस राहिला, म्हणजे शमरोन्यांच्याच घरी जेवला-झोपला असणार. तुम्ही अव्वांकडं काहीतरी मागा ना. भरल्या वांग्याचा मसाला शिकवा म्हणा.


निपाणीचे_मास्तर

मारियाबाई, विहिरीचं अगदी बरोबर बोललात, मला ते सुचायला हवं होतं. मठाच्या कफनीबद्दल मात्र माझं मन पूर्ण होत नाही. ज्याचा तो वेष आहे त्याला आपली वस्तू उचलून नेल्यासारखं वाटत असेल काय, हा विचार मनात येतो. स्टीफन्सनी भाषा घेतली, ती कुणाच्याही मालकीची नसते. पण तिथं राहिलेल्या फादरांच्या निष्ठेबद्दल शंका नाही, आणि मी देशनूरला गेलेलो नाही.


कोर्टगल्ली

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं हे तिन्ही आहे. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्मातलं दुसऱ्याला समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधानसभेत पास झालं, २०२२ ला कायदा झाला, आणि जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो मागं घ्यायचा निर्णय घेतला. त्या कायद्यात आमिषाची व्याख्या रुंद आहे, भेटवस्तू, पैसे, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत फुकट शिक्षण, सगळं त्यात धरलंय, आणि धर्म बदलणाऱ्यानं ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असं आहे.

ओट्यावर शेजारणीच्या प्रश्नाला उत्तर देणं हा गुन्हा नाही. पण मदत आणि उपदेश एका हातानं देऊ नका, कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ज्याला औषधाचे पैसे दिलेत त्याला त्याच दिवशी पत्रक देऊ नये, नाही म्हणायची मोकळीक त्या माणसाला राहत नाही. फाउंड्रीवाल्या भाऊंनी पण जपावं, तुम्ही सुपरवायझर आहात, पोरांची हजेरी तुमच्या हातात आहे.


उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट

बरोबर आहे वकीलसाहेब, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. यापुढं खोलीवरचं बोलणं दुसऱ्या कुणालातरी करायला सांगतो, मी नुसता मागं बसतो.


वडगावची_सून

सगळ्यांचे आभार. काल जे झालं ते सांगते.

मी भरल्या वांग्याचं निमित्त काढून गेले. अव्वांनी स्वयंपाकघरात पाट दिला, अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या चुलीपाशी बसले. कारळं किती भाजायची ते दाखवलं. मग आम्ही ओट्यावर येऊन बसलो, नात मध्ये, दुभाष्यासारखी. मी म्हटलं, अव्वा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, मी नीट उत्तर दिलं नाही. तो ऐकतो असं माझा विश्वास सांगतो, पण त्याचं उत्तर मला दरवेळी कळतं असं नाही.

अव्वा बराच वेळ बोलल्या. म्हणाल्या, मी लग्नाच्या आधीपासून रोज सकाळी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसते, नजर त्याच्यावर ठेवते, पण हे गेल्यापासून नजर टिकत नाही, डोळे भरून येतात आणि लिंग दिसेनासं होतं, मग मला वाटतं ही पूजा झाली की नाही झाली. मी काय बोलणार. मला लाजर आठवला, योहान ११. मी सांगितलं की आमचा येशू मेलेल्या मित्राच्या कबरेकडे निघाला, पण त्याला जिवंत उठवण्याआधी रडला. त्याच्या डोळ्यांतही पाणी होतं. नात तेवढ्यात फोन वाजला म्हणून आत गेली आणि मला पाण्यासाठी, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्यासाठी, शब्द सापडेना. मी आपली बोटं गालावरून खाली ओढून दाखवत होते.

आमच्या दारात मामा खुर्चीवर पेपर वाचत बसले होते, मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. ते पेपर खाली न घेता म्हणाले, कण्णीरु. मग परत, कण्णु म्हणजे डोळा, नीरु म्हणजे पाणी. आणि सरळ कन्नडात अव्वांना दोन वाक्यं बोलले, अस्खलित. सोळा वर्षं झाली माझ्या लग्नाला, मी त्यांच्या तोंडून कन्नड कधी ऐकलं नव्हतं. अव्वांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, ती गोष्ट परत सांग, सावकाश. यावेळी मामांनी सांगितली.

आत आल्यावर मी काही विचारलं नाही, ते पण काही बोलले नाहीत, बातम्या लावून बसले.

आता पुढचं काम. डिसेंबर जवळ आला. अंड्याशिवाय केक मी कधी केलेला नाही, दोनदा करून बघितला तर मधोमध बसला. कुणाकडे खात्रीची रीत असेल तर द्या.


खानापूर_माळकरी

ताई, माळकरी घर आमचं, अंडं येतच नाही, पोरांच्या वाढदिवसाला बायको दह्याचा करते. एक वाटी घट्ट दही आणि एक वाटी साखर घोटून घ्यायची, त्यात सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खायचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवायचं, बुडबुडे आले पाहिजेत. मग अर्धी वाटी तेल, थोडा व्हॅनिला, आणि दीड वाटी मैदा दोनदा चाळून थोडा थोडा घालायचा. मैदा घातल्यावर फार फेटू नका, तुमचा तिथंच बसत असेल. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ घालून, मंद आचेवर पाऊण तास. बायको म्हणतेय की भांडं नवीन घ्या, ज्यात कधी अंडं फेटलेलं नाही असं, आणि अव्वांना ते भांडं आधी दाखवा.